छोट्या होडीला किती अश्वशक्तीचे इंजिन बसवावे?

प्रश्न : देवबागला कर्लीच्या खाडीत जाळी टाकण्यासाठी आमची १६ फुटी, गोल तळाची फायबरची होडी आहे. माणसे तीन. विक्रेता २५ अश्वशक्तीचे आउटबोर्ड (होडीच्या मागच्या फळीवर बाहेरून अडकवायचे) इंजिन सुचवतो, तर शेजारी ८ पुरे म्हणतात. काय घ्यावे?

उत्तर : शेजाऱ्यांचे म्हणणे अधिक बरोबर आहे. गोल तळाची होडी पाणी कापत चालते, पाण्यावर उचलली जात नाही. त्यामुळे १६ फुटांच्या होडीचा वेग ताशी साधारण १० किलोमीटरवर अडतो आणि त्यापुढे वाढवलेली शक्ती केवळ मागची बाजू खाली दाबते, नाळ (होडीचे पुढचे टोक) वर उचलते व पेट्रोल जाळते. सपाट तळाच्या होडीची गोष्ट वेगळी. मात्र खाडी समुद्राला मिळते त्या संगमापाशी ओहोटीचा ओढ जोरदार असतो, म्हणून थोडी शक्ती हाताशी राखावी, मी ९.९ अश्वशक्तीचे इंजिन घेईन. होडी बांधणाऱ्याने ठरवलेली कमाल मर्यादा मात्र कधीही ओलांडू नये.

अश्वशक्तीच्या वादात इंजिनाच्या दांड्याची (इंजिनापासून खाली पाण्यातल्या पंख्याकडे जाणाऱ्या भागाची) लांबी हमखास विसरली जाते. इंजिन अडकवतात त्या मागच्या फळीची उंची तळापर्यंत मोजा : १५ इंचांच्या आसपास असल्यास आखूड, २० इंच असल्यास लांब दांडा लागतो. दांडा आखूड पडला तर लाटेवर पंखा हवा ओढतो, इंजिन नुसते किंचाळते आणि होडी जागची हलत नाही. पंख्यावरची आडवी पट्टी तळाच्या रेषेत किंवा इंचभर खाली असावी.

पैसे चुकते करण्यापूर्वी तिघांना व ओल्या जाळ्यांना घेऊन पूर्ण वेगाने चालवून पाहा. पुस्तिकेत दिलेले इंजिनाचे मिनिटाचे फेरे गाठले जात नसतील, तर कमी पिचचा (एका फेऱ्यात कमी अंतर कापणारा) पंखा मागावा.