वजन बरोबर आहे, मग साखर का वाढली?

उंची 170 सेंटीमीटर, वजन 66 किलो. बँकेत काम करणारे सेहेचाळीस वर्षांचे एक गृहस्थ पत्नीसह माझ्याकडे आले, तेव्हा त्यांच्या अहवालात उपाशीपोटीची साखर 112, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी तपासणी) 6.1 आणि एचएस-सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारे रक्तातले प्रथिन) 4.2 होते. "मॅडम, मी जाडा नाही, मग साखर का वाढली? आणि सीआरपी वाढला म्हणजे हार्ट अटॅक येणार का?" असे त्यांनी विचारले.

शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर टेपने घेतलेले त्यांचे माप 96 सेंटीमीटर भरले. पँट पोटाखाली बांधली जात असल्याने कंबर 34 इंचच आहे, अशी त्यांची समजूत होती. भारतीय पुरुषांसाठी कमरेची मर्यादा 90 सेंटीमीटर, तर स्त्रियांसाठी 80 आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधील डॉ. युडकिन यांचे एकत्र छायाचित्र 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आले होते. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) 22.3, पण शरीरातील चरबी याज्ञिकांची 21.2 टक्के आणि युडकिन यांची 9.1 टक्के. हे उदाहरण मी आवर्जून सांगते, कारण 'मी जाडा नाही' या समाधानात आपली बरीच वर्षे निघून जातात.

आतड्यांभोवती आणि यकृताजवळ साठणारी चरबी स्वस्थ बसत नाही. तिच्यातून इंटरल्युकिन-6 सारखी दाह वाढवणारी द्रव्ये रक्तात उतरतात, त्यांच्यामुळे यकृत अधिक सीआरपी तयार करते आणि इन्सुलिनचा परिणाम मंदावून साखर चढू लागते. मात्र साधा सर्दी-तापही सीआरपी वाढवतो, आणि त्यांना आठवड्यापूर्वीच ताप येऊन गेला होता. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने तीन आठवड्यांनी तपासणी पुन्हा केली, तेव्हा तो 3.4 आला. तीनपेक्षा जास्त सीआरपी हृदयविकाराचा वाढलेला धोका सुचवतो, झटका येणारच असे सांगत नाही, हे ऐकून त्यांच्या पत्नी प्रथमच मोकळेपणाने बोलल्या. रात्रीचे जेवण साडेदहाला होते आणि दिवसभरात साखरेचा चहा पाच वेळा, हे त्यांच्याकडूनच कळले.

बदल मोजकेच ठरवले: जेवण आठला, भाताच्या जागी मटकीची किंवा मुगाची उसळ, चहा दोनदा आणि बिनसाखरेचा, रोज अर्धा तास भरभर चालणे. सहा महिन्यांनी वजन अवघे दोन किलो उतरले, म्हणून ते खट्टू झाले होते. कंबर मात्र 91, एचबीएवनसी 5.8 आणि सीआरपी 1.9 वर आला होता. ते आकडे त्यांनी स्वतःच्या हाताने वहीत लिहून घेतले आणि पुढची तपासणी तीन महिन्यांनी ठरली.