डॅलसला नोकरी सांभाळून कमर्शियल पायलट लायसन्स: निघण्याआधी काय ठरवायचं

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू हिंजवडीच्या ऑफिसातून एल-१बी व्हिसावर डॅलसला येतोयस, वय २९, लग्न झालेलं, आणि नोकरी न सोडता तीनेक वर्षांत कमर्शियल पायलट लायसन्स काढायचं मनात आहे. जमेल का, पैसे किती लागतील आणि त्या लायसन्सवर पुढे नोकरी मिळेल का, हे तुझे तीन प्रश्न. मी याच भागात सॉफ्टवेअरची नोकरी करत एच-१बीवर असताना हे लायसन्स काढलं, म्हणून सविस्तर लिहिते.

लायसन्स मिळेल. पण अमेरिकेत त्यावर एक डॉलरही कमावता येणार नाही, आणि तुझी सगळी आखणी या एका गोष्टीवरून व्हायला हवी. एल-१बी म्हणजे ज्या कंपनीने आणलं तिचंच काम. मोकळ्या वेळात उडायला शिकायला आडकाठी नाही, त्यासाठी विद्यार्थी व्हिसा लागत नाही. पण इथला रुळलेला रस्ता असा आहे: २५० तास उड्डाण झालं की कमर्शियल, मग इन्स्ट्रक्टर होऊन दुसऱ्यांना शिकवत १,५०० तास गाठायचे, मग एअरलाइन. तो मधला टप्पा पगारी, म्हणून तुझ्यासाठी बंद. कुणी म्हणेल, ‘पैसे घेऊ नकोस, आमचं विमान फुकट उडव, तास तुझे.’ तेही नको. फुकट मिळालेले तास हाही मोबदलाच धरला जातो. एल-१बीची कमाल मुदत पाच वर्षं, आणि भारतात जन्मलेल्या माणसासाठी ग्रीन कार्डची रांग कितीतरी लांब. त्या भरवशावर वैमानिकाचं करिअर उभं करू नकोस.

भारतात मात्र २०० तासांचं लायसन्स, मल्टी-इंजिन (एकाहून जास्त इंजिनांचं विमान) आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेरचं न दिसता उपकरणांवर उडवण्याची परवानगी), त्यावर एअरलाइनच्या विमानाचं टाइप रेटिंग, एवढ्यावर फर्स्ट ऑफिसरच्या, म्हणजे सहवैमानिकाच्या, जागेसाठी उभं राहता येतं. म्हणजे तुझ्यासारख्याला इथे शिकून तिकडे उडणं हाच सरळ मार्ग. तो पहिल्या दिवशी ठरव, कारण लॉगबुक, म्हणजे उड्डाणांच्या नोंदींची वही, पहिल्या तासापासून त्या हिशेबाने भरावं लागतं.

भारताच्या विमान नियामकाला, डीजीसीएला, काय लागतं? एकूण २०० तास. त्यात १०० तास पायलट-इन-कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी तुझ्यावर असलेले, त्यातले काही क्रॉस-कंट्री, म्हणजे दूरच्या विमानतळावर जाऊन आलेले, आणि त्या क्रॉस-कंट्रीत ३०० नॉटिकल मैलांचं एक उड्डाण, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून पूर्ण थांबलेलं. काही तास इन्स्ट्रुमेंट, त्यात सिम्युलेटरचे मर्यादितच. रात्रीचे ५ तास, १० टेकऑफ आणि १० लँडिंगसह. शिवाय पायलट-इन-कमांडचे १५ तास अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांतले हवेत. नोकरी करणाऱ्याला अडवते ती ही शेवटची अट. रमतगमत चार वर्षांत तास पुरे केले आणि शेवटचं वर्ष ऑफिसच्या रिलीजमध्ये गेलं, तर ते पंधरा तास पुन्हा उडावे लागतात.

आणखी एक गोष्ट इथले इन्स्ट्रक्टर सांगत नाहीत, कारण त्यांना तिचं काम पडत नाही. अमेरिकेत प्रायव्हेट लायसन्स हातात आलं की इन्स्ट्रक्टर शेजारी बसलेला असला तरी, कंट्रोल तुझ्या हातात आहेत म्हणून, तो वेळ पायलट-इन-कमांडमध्ये लिहिता येतो. इथे ते पूर्ण कायदेशीर आहे. भारतात तो वेळ ड्युअल, म्हणजे प्रशिक्षणाचा. १०० तासांच्या हिशेबात तो धरलास तर परत गेल्यावर बेरीज कोसळते. म्हणून लॉगबुकात एक जादा रकाना आख आणि त्यात एकट्याने उडवलेले तासच लिही.

थोडं डोकं लावलं तर एका उड्डाणात दोन्ही देशांची अट भागते. अमेरिकेच्या कमर्शियलसाठीही ३०० नॉटिकल मैलांचं लांब उड्डाण लागतं, तीन ठिकाणी उतरून, आणि त्यातलं एक ठिकाण सुरुवातीच्या विमानतळापासून सरळ रेषेत किमान २५० नॉटिकल मैल दूर हवं. डॅलसजवळच्या मॅकिनीहून निघालास तर पश्चिम टेक्सासातलं लबक त्यात बसतं. परतताना अ‍ॅबिलीनला उतरून घरी यायचं. डेंटनहून निघालास तर तेच लबक कमी पडतं. आधी नकाशावर मोजून घे.

रात्रीच्या उड्डाणांचंही तसंच. इथे एकट्याने रात्रीचे ५ तास आणि टॉवर चालू असलेल्या विमानतळावर १० टेकऑफ-लँडिंग लागतात. उन्हाळ्यात डॅलसला सूर्य साडेआठच्या पुढे मावळतो, खरा अंधार पडेपर्यंत नऊ वाजून जातात, मग टॉवर बंद व्हायच्या आत हाती फार वेळ उरत नाही आणि दुसऱ्या दिवशी ऑफिस असतं. डिसेंबरात सहालाच मिट्ट काळोख. हे तास हिवाळ्यात ठेव, ऑफिस सुटल्यावर थेट विमानतळ.

आता निघण्याआधीची कामं. तू डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आलास असं लिहिलंयस. आपल्याकडे हजारो मुलं तशीच येतात, पण डीजीसीएला बारावीचे फिजिक्स आणि मॅथ्स लागतात. तुझ्यासारखे बरेच जण एनआयओएस या मुक्त विद्यालयातून हे दोन विषय देतात. हे काम भारतात असतानाच हलव. डीजीसीएच्या संकेतस्थळावरचा ताजा नियम आधी बघ आणि मगच फॉर्म भर. दहावी-बारावीच्या मार्कशीटची बोर्डाकडून पडताळणी झाल्याशिवाय डीजीसीएचा कॉम्प्युटर नंबर मिळत नाही, आणि नंबर नसेल तर परीक्षेला बसता येत नाही. बोर्डात खेटे घालायला इथून कोण जाणार? नेव्हिगेशन, मिटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्स आणि टेक्निकल हे पेपर ७० टक्क्यांना सुटतात, रेडिओची आरटीआर परीक्षा निराळी. निदान रेग्युलेशन्स आणि मिटिऑरॉलॉजी देऊनच विमानात बस. अभ्यास इथेही होतो, पण परीक्षेसाठी सुट्टी काढून यावं लागतं.

आणि मेडिकल. आधी डीजीसीएचं क्लास २, मग क्लास १, दोन्ही तिकडे करून घे. डोळे, हृदय, कान, शुगर यात काही निघणार असेल तर ते खर्चाच्या आधी कळलं पाहिजे. इथे एफएएचं, म्हणजे अमेरिकन विमान नियामकाचं, मेडिकल वेगळं होतं, तेही सुरुवातीलाच फर्स्ट क्लासचं कर. त्या फॉर्ममध्ये आजवरचे आजार आणि तीन वर्षांत भेटलेले डॉक्टर विचारतात. सगळं खरं लिही. डिप्रेशनची गोळी, जुना दमा, काहीही असो. सांगितलेल्या आजारावर पुष्कळदा मार्ग निघतो, लपवलेला सापडला तर लायसन्सच जातं.

इथे पोचल्यावर पहिलं उड्डाण घेण्याआधी टीएसएची, म्हणजे इथल्या वाहतूक सुरक्षा खात्याची, मंजुरी लागते, अमेरिकन नागरिक नसलेल्या प्रत्येकाला. ऑनलाइन अर्ज, पासपोर्ट-व्हिसाची कागदपत्रं, बोटांचे ठसे, दीडशे डॉलरच्या आत फी. ती पाच वर्षांपर्यंत चालते, पण तुझ्या व्हिसाच्या मुदतीपलीकडे नाही. अर्जात फ्लाइंग स्कूलचं नाव द्यावं लागतं, म्हणून स्कूल आधी ठरव.

स्कूल निवडताना पार्ट ६१ आणि पार्ट १४१ असे दोन प्रकार ऐकशील. १४१मध्ये कमर्शियल १९० तासांत होतं, पण अभ्यासक्रम आखीव. भारतासाठी २०० लागतातच, तेव्हा दहा तास वाचवण्यात अर्थ नाही. नोकरदाराला ६१ची मोकळीक सोयीची. अ‍ॅडिसन, मॅकिनी, डेंटन, आर्लिंग्टन, कुठेही चांगले इन्स्ट्रक्टर भेटतील. मी मॅकिनीच्या बाजूने सांगेन, कारण तू बहुधा फ्रिस्को किंवा प्लेनोला घर घेशील आणि पहाटे तासभर गाडी चालवून जाणं दोन महिन्यांत सुटतं. स्कूलने ‘सगळे पैसे आधी भरा, सूट देतो’ म्हटलं तरी पाच-दहा तासांपेक्षा जास्त आगाऊ भरू नकोस. विद्यार्थ्यांचे पैसे घेऊन बंद पडलेल्या स्कूल अमेरिकेत कमी नाहीत.

खर्चाचं बोलू. आमच्या भागात सेसना १७२ पेट्रोलसकट तासाला साधारण १६० ते २०० डॉलर, इन्स्ट्रक्टर वर ६० ते ९०. चेकराइडच्या, म्हणजे विमानातल्या प्रत्यक्ष परीक्षेच्या, परीक्षकाची फी दर वेळी हजाराच्या आसपास. मल्टी-इंजिनचा तास दुपटीहून महाग, म्हणून ते सर्वांत शेवटी, भारतात अर्ज करायच्या बेताला. सगळं धरून ५५ ते ७० हजार डॉलर मनात ठेव, तीन वर्षांत पसरून. कर्ज काढू नकोस. पगारातून महिन्याला जेवढं निघेल तेवढंच उड, पण एक अट पाळ: ज्या महिन्यात उडशील त्या महिन्यात आठवड्याला तीनदा. आठवड्यातून एकदा उडणारा दर वेळी अर्धा तास मागचंच आठवण्यात घालवतो. प्रायव्हेटचे कायद्याने किमान तास ४०. नोकरीवाल्यांचे ६०-७० होतात ते बहुतेक याच कारणाने. पैसे कमी असतील तर तीन महिने साठव आणि मग सहा आठवडे सलग उड.

हे का, ते कमर्शियलच्या एका कसरतीवरून कळेल: पॉवर-ऑफ १८०. धावपट्टीला समांतर, हजारेक फूट उंचीवर जायचं. ठरवलेली रेघ पंखाच्या बरोबरीला आली की थ्रॉटल पार मागे, म्हणजे इंजिनची ताकद काढून घ्यायची आणि तसंच तरंगत त्या रेघेवर उतरायचं. आवाज एकदम उतरतो. १७२एस असेल तर नाक सावरून ६८ नॉट्स धरायचे. आता वारा किती, वळायचं कधी, फ्लॅप कधी सोडायचे, उंची जास्त वाटली तर विमान तिरकं करून ती कशी घालवायची, हे सगळं मिनिटभराच्या आत. रेघेच्या अलीकडे एक फूटही चालत नाही, पलीकडे २०० फुटांच्या आत चाकं टेकली पाहिजेत. टेक्सासचा दक्षिणेचा वारा फायनलवर, म्हणजे उतरण्याच्या शेवटच्या सरळ टप्प्यात, समोरून इतका रेटतो की काल जिथून पोचलो होतो तिथून आज धावपट्टी गाठता येत नाही. ती नजर लागोपाठच्या सकाळींनीच बसते. मला आजही ही कसरत सगळ्यांत प्रिय आहे.

सकाळ म्हणतेय त्यालाही कारण आहे. उन्हाळ्यात दुपारी इथे ३८ अंशांच्या वर जातं, हवा उसळते आणि विमान चढता चढत नाही. पहाटे साडेसहा ते सव्वाआठ ही सोन्यासारखी वेळ, आणि नेमकी तीच पुण्याच्या टीमच्या कॉलची. डॅलसचे सकाळचे सात म्हणजे उन्हाळ्यात पुण्याचे संध्याकाळचे साडेपाच. रुजू झाल्या झाल्या मॅनेजरशी बोलून आठवड्यातले दोन कॉल रात्री साडेआठला घे, तेव्हा पुण्यात सकाळचे सात असतात. टीममधल्या कुणाला लवकर उठणं चालत असेल तर जमतं. तिसरं उड्डाण शनिवारी. एप्रिल-मे गारा आणि वादळांचे, त्यात ठरलेली उड्डाणं रद्द होतात. ते दिवस लेखी परीक्षांना दे. आणि रात्री दोनला प्रॉडक्शन इश्यू सोडवून पहाटे विमानात बसायचं नाही. त्या सकाळी इन्स्ट्रक्टरला फोन करून रद्द कर, रद्द करण्याची फी भर आणि झोप.

बायकोबद्दल तू एकच ओळ लिहिलीस, ‘तिला थोडी भीती वाटते.’ तिला एल-२वर, म्हणजे तुझ्या जोडीदाराच्या व्हिसावर, स्वतंत्र परवाना न काढता नोकरी करता येते, त्यामुळे घरखर्चाचा प्रश्न सुटू शकतो. भीती वेगळी. वर लिहिलेले पैसे, पहाटे आणि शनिवार हे सगळं तिच्यासमोर मांड, आणि प्रायव्हेट लायसन्स झाल्यावर पुढे जायचं की नाही हे दोघांनी तेव्हा पुन्हा ठरवायचं असं आत्ताच कबूल कर. प्रायव्हेट हाही पुरा टप्पा आहे. तेवढ्यावर तिला शेजारी बसवून रविवारी वेकोला जेवायला जाऊन येता येतं.