निवड चाचणीपर्यंत थांबू नका

आंतरशालेय स्पर्धा जवळ आल्या, की बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलांच्या पालकांचे तेच प्रश्न नव्याने येतात. म्हणून उत्तरे एकत्रच देत आहे.

प्रश्न : मुलगी दहा वर्षांची आहे. चेंडू कोणत्या आकाराचा घ्यावा?

उत्तर : पाच नंबरचा.

प्रश्न : लटकल्याने उंची वाढते का? दुकानदाराने एक पावडरही सुचवली आहे.

उत्तर : नाही. उंच मुले या खेळात निवडली जातात, म्हणून खेळामुळे ती उंच झाली असा समज पसरतो. पावडरीच्या डब्यावर उंच खेळाडूचे चित्र छापायला कोणताही पुरावा लागत नाही. उलट तिच्यात बंदी असलेले द्रव्य निघाले, तर ‘नाडा’च्या, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकद्रव्यविरोधी संस्थेच्या, चाचणीत जबाबदारी मुळात खेळाडूवरच येते. वाढीबद्दल शंका असल्यास बालरोगतज्ज्ञांना भेटावे.

प्रश्न : तेरा वर्षांच्या मुलाला गुडघ्याच्या वाटीखाली तीन महिन्यांपासून दुखते. ‘वाढीचे दुखणे आहे, तेल चोळा’ असे शेजारी सांगतात. निवड चाचणीपर्यंत थांबावे का?

उत्तर : तीन महिने आधीच फुकट गेले आहेत. या वयात मांडीच्या स्नायूंचा ताण वाटीखालच्या कंडरेतून नडगीच्या हाडाच्या वरच्या टोकावर येतो आणि तिथली कूर्चा अजून कोवळी असल्याने रोजच्या उड्यांनी ती दुखावते, कधी तिथे टेंगूळही येते. डॉक्टर याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात. बहुतेकदा वाढ पूर्ण झाल्यावर ते शमते, पण तुमच्या मुलाचे दुखणे तेच आहे की दुसरे काही, हे मी ठरवू शकत नाही आणि शेजारी तर नाहीच. अस्थिरोगतज्ज्ञांना याच आठवड्यात दाखवा. रात्री दुखणे, सूज, लंगडणे किंवा ताप असेल तर उद्याच. खेळ पूर्ण थांबवावा लागेलच असे नाही. अनेकदा उड्या कमी करून व्यायाम दिले जातात.

माझ्याकडचा एक मुलगा पाण्याच्या सुट्टीत कधीच बाकावर बसत नसे, आणि मी इतरांना त्याच्या उत्साहाचे दाखले देत असे. बसून उठताना गुडघा दुखतो, हे त्याने संघातून वगळले जाण्याच्या भीतीने दोन महिने लपवले होते. तेव्हापासून मी सरावाआधी प्रत्येकाला ‘कुठे दुखते?’ असे एकेकटे गाठून विचारतो, कारण सगळ्यांसमोर विचारल्यास ‘नाही सर’ एवढेच उत्तर मिळते. तुमच्या प्रशिक्षकांनाही आजच सांगा. त्यावर ते मुलालाच रागावले, तर प्रशिक्षक बदलण्याचा विचार करा.

प्रश्न : दहावीच्या वर्षी खेळ बंद करावा का?

उत्तर : मुलाला, वर्गशिक्षकांना आणि प्रशिक्षकांना एकत्र बसवून तास कमी करावेत, एकट्याने ठरवू नये. क्रीडा गुणांचे प्रस्ताव शाळेमार्फत आणि मुदतीतच जातात, तेव्हा चौकशी परीक्षेनंतर नव्हे, आत्ताच करावी.

प्रश्न : सामन्यात बाहेरून मुलाला सूचना द्याव्यात का?

उत्तर : नको, त्यासाठी बाकावर प्रशिक्षक असतात.