पापाची ‘बॅग’ म्हणजे पिशवी नव्हे

अमेरिकन गायक जेम्स ब्राऊनच्या ‘पापाज गॉट अ ब्रँड न्यू बॅग’ या गाण्याच्या नावाचं ‘बाबांनी नवी पिशवी आणली’ असं भाषांतर कुणीतरी वाचलं. गाण्यात पिशवी कुठेच नाही, मग ही बॅग कसली, असा प्रश्न आहे.

साठच्या दशकात अमेरिकेतल्या जॅझ वादकांच्या बोलीत ‘बॅग’ म्हणजे ज्याची त्याची शैली, ज्यात तो रमतो ती गोष्ट. ‘दॅट्स नॉट माय बॅग’ म्हणजे ‘तो माझा प्रांत नव्हे’. हा ‘पापा’सुद्धा कुणाचा बाप म्हणून येत नाही. वय झालेला हा गडी तरुणांच्या घोळक्यात उतरतो आणि जर्क, मंकी, मॅश्ड पोटॅटो असे तेव्हाचे ताजे नाच करून दाखवतो.

मला इथे ‘बाज’ हाच शब्द योग्य वाटतो. लावणीचा बाज, ग्रामीण बाजाची कथा असं आपण सहज म्हणतो. तबलजींच्या तोंडी तर ‘दिल्ली बाज’, ‘पूरब बाज’ म्हणजे वाजवण्याची पद्धतच. ‘पोतडी’चा मोह होतो, कारण पोतडीतून काही काढण्याचा वाक्प्रचार आपल्याकडे आहे आणि पिशवीचं चित्रही टिकतं. पण पोतडीत असतं ते साठवलेलं. इथे सगळा जोर ‘ब्रँड न्यू’वर आहे, म्हणजे मुळात भट्टीतून आत्ताच बाहेर काढलेलं, आपलं ‘कोरं करकरीत’. म्हणून मी लिहीन: ‘तात्यांचा कोरा करकरीत बाज’.

‘बाज’ पटण्याचं मोठं कारण गाण्यातच आहे. फेब्रुवारी 1965मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट गावी ते ध्वनिमुद्रित झालं. त्याचा साचा जुनाच, ब्लूज या कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या गानप्रकारातला, बारा मापांचा (म्हणजे बारा ‘बार’चा). बदललं ते वाजवणं. तोवर तालाचा जोर चारांतल्या दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर असे. ब्राऊनने तो पहिल्यावर आणला. त्या ठोक्याला तो ‘द वन’ म्हणे. आपल्या कानाला समेची आठवण होते, पण समेला आवर्तन संपण्याची वाट पाहावी लागते, ‘द वन’ दर चार ठोक्यांनी हजर. ट्रम्पेट-सॅक्सोफोन एकदम तुटक झटके देतात, ब्राऊनच्या वादकांपैकी जिमी नोलनची गिटार सूर लांबवण्याऐवजी खरवडल्यासारखी वाजते. सगळी वाद्यंच ढोल झाली आहेत. फंक म्हणतात त्या ठेकेबाज संगीतप्रकाराची ही पायाभरणी.

हे गाणं अमेरिकेतल्या रिदम अँड ब्लूज गाण्यांच्या लोकप्रियतेच्या यादीत आठ आठवडे पहिलं होतं, आणि ब्राऊनला पहिलं ग्रॅमी याच गाण्याने मिळालं. गाण्याच्या नावाची पकड तर इतकी की 1981मध्ये पिगबॅग या ब्रिटिश बँडने आपल्या गाण्याला ‘पापाज गॉट अ ब्रँड न्यू पिगबॅग’ असं नाव दिलं. त्यातला श्लेष मात्र ‘बाज’मध्ये उतरत नाही, तिथे मूळ नाव तसंच ठेवावं.