फोटोवरची पांढरी अक्षरं वाचता येत नाहीत? फोटोचा अल्फा कमी करू नका

तुमच्या अडचणी तीन आहेत. तुमच्या ॲपमध्ये ठाणे खाडीतल्या रोहित पक्ष्यांच्या फोटोंवर ठिकाणाचं नाव पांढऱ्या अक्षरांत आहे आणि ते वाचता येत नाही. त्यासाठी कार्डाचा, म्हणजे फोटो आणि नाव मिळून बनलेल्या चौकटीचा, अल्फा (० म्हणजे पूर्ण पारदर्शक, १ म्हणजे पूर्ण अपारदर्शक) ०.५ केला तर अक्षरंही फिकी पडली. आणि पारदर्शकतेचा स्लायडर सरकवला की फोटो एकदम गायब होतो किंवा एकदम पूर्ण दिसतो, मधलं काहीच नाही. तुम्ही ॲंड्रॉइडवर, एक्सएमएल लेआउट आणि कोटलिन वापरताय, म्हणून त्याच अंगाने सांगतो.

पहिली गोष्ट, अल्फा कमी केल्याने फोटो गडद होत नाही. त्याच्या मागे जे असेल ते दिसायला लागतं. तुमच्या स्क्रीनची पार्श्वभूमी पांढरी आहे, म्हणजे अल्फा जितका कमी कराल तितका फोटो पांढरट होणार आणि पांढरी अक्षरं त्यात आणखी बुडणार. फोटो फिका करणं योग्य ठरतं ते त्यावर काळी अक्षरं असतील तेव्हा.

तुम्हाला हवा तो फोटोवर काळा अर्धपारदर्शक थर. फ्रेमलेआउटमध्ये (यात घटक एकावर एक रचले जातात) खाली फोटोचा इमेजव्ह्यू, त्यावर काळ्या रंगाचा साधा व्ह्यू, सगळ्यात वर नावाचा टेक्स्टव्ह्यू. तिघं एकमेकांचे शेजारी हवेत, एकात एक नकोत. अक्षरं फिकी पडली ती यामुळेच: पालक लेआउटचा अल्फा मुलांच्या अल्फाशी गुणला जातो. कार्ड ०.५ असेल तर टेक्स्टव्ह्यूला १ दिला तरी तो ०.५च दिसतो. कंपोझमध्येही (एक्सएमएलऐवजी कोटलिनमध्येच स्क्रीन लिहायची पद्धत) बॉक्सला अल्फा दिलात तर हेच होईल. तिथे इमेजला स्वतःचा अल्फा देता येतो.

थर किती गडद हवा, हे अंदाजाने ठरवू नका. खाडीवरचं दुपारचं आकाश फोटोत जवळजवळ शुद्ध पांढरं येतं, तेव्हा हिशोब पांढऱ्यावरच करा. ५० टक्के काळा थर दिला तर खालचा रंग मधला करडा होतो आणि पांढऱ्या अक्षरांशी त्याचा कॉन्ट्रास्ट (दोन रंगांच्या उजळपणाचं गुणोत्तर) ४ : १ च्याही जरा खालीच राहतो. साध्या मजकुराला किमान ४.५ : १ लागतो. तो ५४ टक्क्यांना, म्हणजे २५५ पैकी १३८ ला, मिळतो. १८ पॉइंट किंवा त्याहून मोठ्या अक्षरांना ३ : १ पुरतो, त्याला ४२ टक्के थर बस्स होतो. पण तुमचं ॲप लोक ऐरोलीच्या बोटीत किंवा नेरूळच्या पाणथळीकाठी भर उन्हात उघडणार, म्हणून सरळ ६० टक्के ठेवा; कॉन्ट्रास्ट ५.७ च्या आसपास जातो.

सगळा फोटो झाकोळायचा नसेल तर वरून खाली गडद होत जाणारा थर, म्हणजे ग्रेडियंट, द्या. इथे हमखास चुकतं ते असं: तळाशी ७० टक्के आहे म्हणून आपण निश्चिंत असतो, पण नाव दोन ओळींत गेलं की वरची ओळ ग्रेडियंटच्या विरळ भागात येते. ५४ टक्क्यांची रेषा मजकुराच्या माथ्यावर हवी. तीही शिरोरेषेपाशी नव्हे. वेलांट्या, मात्रा आणि रफार शिरोरेषेच्या वर जातात, त्यांच्याही वर.

आता स्लायडर. सीकबारची, म्हणजे ॲंड्रॉइडच्या स्लायडरची, किंमत पूर्णांक असते, त्यामुळे तिला १०० ने भागलं की दशांश गळतो आणि ९९ पर्यंत उत्तर शून्यच. कंपायलरने अडवलं म्हणून भागाकारानंतर टू-फ्लोट (फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश संख्येत, रूपांतर) लावलं असणार. रूपांतर भागाकाराच्या आधी हवं, किंवा १०० च्या जागी फ्लोट लिहा. शिवाय व्ह्यूचा अल्फा ० ते १ असतो आणि इमेजव्ह्यूच्या सेट-इमेज-अल्फाचा ० ते २५५. इमेजव्ह्यूवर सेट-अल्फाला नुसता १ दिलात तर जुनी पूर्णांकाची पद्धत चालते आणि फोटो जवळपास नाहीसा होतो.

माझं मत विचाराल तर स्लायडर फोटोला जोडूच नका, काळ्या थराला जोडा. सीकबारची कमाल मर्यादा ८० ठेवा, येणाऱ्या किमतीत १३८ मिळवा आणि बेरीज २५५ ने, फ्लोटमध्ये, भागून थराच्या व्ह्यूला अल्फा म्हणून द्या. म्हणजे वापरणाऱ्याने काहीही केलं तरी नाव वाचता येईल. थराचा मूळ रंग मात्र पूर्ण अपारदर्शक काळा हवा. तो आधीच अर्धपारदर्शक असेल तर दोन्ही आकडे गुणले जाऊन थर विरळ पडेल. व्ह्यूऐवजी थेट ड्रॉएबलचा, म्हणजे त्यातल्या चित्राचा, अल्फा बदलणार असाल तर आधी म्यूटेट करा, म्हणजे त्याची स्थिती इतरांपासून वेगळी होते. नाहीतर त्याच रिसोर्समधून आलेलं दुसऱ्या स्क्रीनवरचं चित्रही फिकं होतं.

कार्डं रिसायक्लरव्ह्यूमध्ये (सरकणाऱ्या यादीत) असतील तर बाइंड करताना, म्हणजे कार्डात नवी माहिती भरताना, प्रत्येक वेळी अल्फा नव्याने द्या. जुना व्ह्यू पुन्हा वापरला जातो, तेव्हा त्याचा आधीचा अल्फाही सोबत येतो. आणि कार्ड लपवायला अल्फा शून्य करू नका: दिसत नसलं तरी त्यावरचा टॅप लागतो. त्यासाठी व्हिजिबिलिटी बदला.