जुनं पिस्तूल कमरेला लावावं का?

प्रश्न : आजोबांचं .३२ चं कोल्ट १९०३ पिस्तूल परवान्यासह माझ्या नावावर झालंय. लाईट रात्रीची, केळीला पाणी भरायला मळ्यात जावं लागतं. गोळी चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला, जिथून ती उडते) ठेवून जवळ बाळगू का? (रावेर)

उत्तर : चेंबरमध्ये नको. या पिस्तुलाचा हातोडा स्लाइडच्या, म्हणजे वरच्या मागे-पुढे सरकणाऱ्या भागाच्या, आत लपलेला, त्यामुळे तो चढलाय (मागे ताणलाय) की नाही बाहेरून दिसत नाही. दोन सेफ्ट्या (चुकून गोळी सुटू नये म्हणून असलेले खटके) आहेत खऱ्या, पण त्या हातोडा सुटू देत नाहीत एवढंच. नव्या पिस्तुलांसारखी फायरिंग पिन (गोळीच्या बुडावर आदळून ती पेटवणारी सळई) अडवणारी सोय यात नाही. नळीच्या तोंडावर दगडी बांधावर पडलं, तर पिन स्वतःच्या वजनाने पुढे सरकून गोळी पेटवू शकते. पिनची स्प्रिंग थकली असेल तर धोका जास्तच.

ती स्प्रिंग बदलून घ्या, हातोडा अडकतो ती खाच झिजलीय का तेही दाखवा. काम परवानाधारक कारागिराकडेच. घरी कानस लावू नका!

रिकामं करताना आधी मॅगझीन (मुठीतली गोळ्यांची डबी) काढा, मग स्लाइड ओढा. उलट केलंत तर एक गोळी बाहेर पडते, दुसरी आत जाते. शेवटी चेंबरमध्ये बोट घालून बघा, अंधारात तर नक्कीच. आणि सदऱ्याच्या खिशात नको, ट्रिगर झाकणारं चामडी म्यान घ्या.