एंजल टाकू का?

प्रश्न: आम्ही नेरूळला राहतो. मुलीच्या हट्टापायी माशांची दोन फुटी टँक आणली आणि दुसऱ्याच दिवशी चार निऑन टेट्रा सोडले. आठवड्यात दोन गेले. उरलेले दोघं फिल्टरमागे दडून बसतात आणि रात्री लाइट लावला तर रंगच उडालेला दिसतो. दुकानदार म्हणतो टँक रिकामी वाटते, एक एंजल मासा टाका. टाकू का?

उत्तर: नको हो! एंजल मोठा झाला की निऑन त्याच्या तोंडात आरामात मावतो, आणि मावला की तो गिळणारच, त्याचा काय दोष. रिकामं वाटत असेल तर झाडं टाका, टेट्रांनाही आडोसा मिळेल.

रंगाचं टेन्शन घेऊ नका, अंधारात निऑन फिका पडतोच, लाइट लागला की थोड्या वेळात रंग परत चढतो. दिवसाही पांढरट डाग दिसत असेल आणि मासा एकटाच भरकटत असेल तर मात्र त्याला लगेच वेगळा काढा.

दोन गेले ते बहुतेक टँक नवीन होती म्हणून. माशांची घाण आणि उरलेलं खाणं यातून माशांना विषारी असा अमोनिया होतो, त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे बॅक्टेरिया फिल्टरच्या स्पंजमध्ये वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, आणि आपण तो स्पंज नळाखाली खसाखसा धुऊन सगळी मेहनत घालवतो. तो टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळायचा. सध्या खाणं चिमूटभरच, दोन-तीन दिवसांनी पाव टँक पाणी बदला, नवीन पाण्यात अँटीक्लोरीन (नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारं औषध) टाकूनच. टेस्ट किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य येईपर्यंत नवीन मासा आणायचा नाही, मुलगी कितीही रुसली तरी.

मग निऑनच आणा, अजून सहा-आठ. हा कळपातला मासा, दोघं असले की घाबरून लपणारच, दहा झाले की बघा कसे बिनधास्त समोर येतात.

आता उरला आपला मे महिना. निऑनला २० ते २६ डिग्री मानवतं आणि आपल्याकडे टँकचं पाणी सहज तिशी ओलांडतं, म्हणून झाकणाऐवजी जाळी लावा आणि छोट्या टेबलफॅनचा वारा पाण्याच्या पृष्ठभागावर सोडा, दोन-तीन डिग्री उतरतात. बर्फाचे खडे टाकू नका, एकदम गार-गरम झालेलं त्यांना सोसत नाही. घर फारच तापत असेल तर पुढच्या वेळी कार्डिनल टेट्रा घ्या, थोडा महाग पडतो पण गरम पाणी त्याला जास्त चालतं. पंख्याने पाणी भराभर उडतं, तेवढी भर घालत राहा.